तिच्या केसपेपरवर तिचे म्हणणे कुठे आहे?

‘मूल्यमापन’ आणि ‘उपचार-योजना’ हे शब्द आपल्या चळवळीत फारसे कोणाला आवडत नाहीत. ते इस्पितळातले वाटतात. बाई सल्ला केंद्रावर आली की तिला धीर द्यायचा, पोलीस ठाण्यात सोबत जायचे, वेळ आली तर सासरच्या दारात जाऊन जाब विचारायचा, ही आपली कामाची रीत. तिची तपासणी करायची आणि तिच्यावर उपचार करायचे ही कल्पनाच खटकते. मार खाणारी आजारी आणि मारणारा धडधाकट, असा त्यातून अर्थ निघतो. दुसरीकडे, समाजकार्याची पदवी घेऊन केंद्रावर रुजू झालेल्या तरुण कार्यकर्त्यांना वाटते की केसपेपर नीट लिहिल्याशिवाय काम पक्के होत नाही, नुसत्या भावनेने बाईचे भले होत नाही. या दोन बाजूंचा वाद अनेक गटांच्या बैठकांत होतो आणि बहुतेक वेळा ‘दोन्ही हवे’ असे म्हणून संपवला जातो.

मला वाटते तो इतक्या लवकर संपवू नये. कारण मूल्यमापन आपण करतोच, त्याला ते नाव देत नाही इतकेच. बाई समोर बसल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत कार्यकर्तीच्या मनात तिच्याविषयी एक मत तयार होते. ही खरे बोलते की वाढवून सांगते, हिला खरेच वेगळे व्हायचे आहे की नुसता नवऱ्याला धाक हवा आहे, ही टिकेल की चार दिवसांत परत जाईल, असे ते मत. मग ते चार ओळींत कागदावर उतरते. शेवटी ‘पुढील कार्यवाही’ या रकान्यात एक वाक्य पडते, ‘पतीस बोलावून समज द्यावी’. हेच मूल्यमापन आणि हीच योजना. दोन्ही झाल्या, पण बाईला त्यांचा पत्ताही नाही.

हा कागद आपल्या कपाटातच राहिला असता तर एवढी चिंता नव्हती. पण तो फिरतो. त्यावरून पोलिसांना पत्र जाते, संरक्षण अधिकारी अहवाल तयार करतात, डॉक्टरला चिठ्ठी जाते आणि कधी कधी तो कोर्टासमोरही येतो. शिवाय आपल्यापर्यंत पोचणाऱ्या बायका मुळातच थोड्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती. त्यातही बहुतेकींनी ती माहेरच्यांकडेच मागितलेली. म्हणजे संस्थेच्या पायरीपर्यंत जी येते ती किती दारे ठोठावून आलेली असते याचा विचार करा. तिच्या पहिल्या भेटीत जे लिहिले जाते त्यावर पुढचे बरेच काही ठरते. म्हणून माझा आग्रह असा की बाईच्या परिस्थितीचे मूल्यमापन आणि तिच्यासाठीची योजना या दोन्ही गोष्टी तिच्यासोबत बसून, तिच्या शब्दांत आणि तिच्या संमतीने लिहिल्या गेल्या पाहिजेत. ही मागणी कारकुनी वाटेल, पण ती हक्काचीच मागणी आहे.

ही रीत आली कुठून?

केसवर्कची आजची पद्धत अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांच्या कामातून घडली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या संस्थांच्या सुखवस्तू घरच्या स्वयंसेविका गरिबांच्या घरी भेटी देत आणि कोण मदतीला ‘लायक’ आहे ते ठरवत. याच संस्थांत काम करत वर आलेल्या मेरी रिचमंड यांनी १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहिला. ‘निदान’ हा शब्द त्यांनी वैद्यकातून घेतला. त्यांचे सांगणे असे होते की माणसाविषयी मत बनवण्याआधी पुरावा गोळा करा. डोळ्यांनी पाहिलेले, कोणीतरी सांगितलेले आणि त्यावरून तुम्ही काढलेले अनुमान या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. ही शिस्त शंभर वर्षांनंतरही आपल्या उपयोगाची आहे. पुढे मनोविश्लेषणाचा प्रभाव वाढला आणि समाजकार्यकर्त्यांचे लक्ष घर, पगार, शेजार यांवरून माणसाच्या अंतर्मनाकडे वळले. प्रश्न परिस्थितीत शोधण्याऐवजी व्यक्तीत शोधण्याची सवय तिथून बळावली. तरी त्याच परंपरेत १९५७ साली फेलिक्स बिस्टेक यांनी केसवर्कमधल्या नात्याची जी तत्त्वे मांडली, त्यांत मदत घेणाऱ्याचा स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार, गुप्तता आणि दोष न देणारी वृत्ती ही होती. समाजकार्याच्या वर्गात ती आजही शिकवली जातात.

आपल्याकडे हे शिक्षण मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या संस्थेपासून सुरू झाले. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्तीची नेमणूक झाली. स्त्रियांवरील हिंसेकडे मात्र या व्यवसायाचे लक्ष चळवळीमुळे गेले. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उभे केले. तिथे रुग्णालयातल्या परिचारिका आणि डॉक्टर यांनीच हिंसा ओळखावी, ‘पडून लागले’ एवढ्यावर थांबू नये, असा प्रयत्न होता. या दोन्ही कामांनी दाखवून दिले की केसवर्क आणि स्त्रीवादी दृष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. पण ही समज गावोगावच्या केंद्रांपर्यंत, तालुक्याच्या समुपदेशन कक्षांपर्यंत किती पोचली? तिथे छापील फॉर्म पोचले. त्यांमागचा विचार वाटेतच राहिला.

कागदाची भाषा

कोणत्याही केंद्रावरचे जुने केसपेपर काढून बघा. काही वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. ‘उभयतांमध्ये वारंवार खटके उडतात.’ ‘बाईचा स्वभाव चिडका आहे.’ ‘पती अधूनमधून मद्यपान करतो.’ ‘सासूशी पटत नाही.’ ‘क्षुल्लक कारणावरून मारहाण झाली.’ यातले एकही वाक्य वाईट हेतूने लिहिलेले नसते. तरी त्यांचा एकत्र परिणाम बघा. मारहाण ‘झाली’, पण ती कोणी केली ते वाक्यात नाही. खटके ‘उभयतांमध्ये’ उडाले, म्हणजे दोघे सारखेच जबाबदार ठरले. तिचा चिडका स्वभाव हे कायमचे वर्णन झाले आणि त्याचे पिणे ‘अधूनमधून’ म्हणून सौम्य झाले. कारण ‘क्षुल्लक’ होते हे कोणी ठरवले? भाजीत मीठ कमी पडले म्हणून डोके भिंतीवर आपटले असेल, तर भाजीतले मीठ हे मारण्याचे कारण नसते. ते मारणाऱ्याला सापडलेले निमित्त असते. केसपेपरच्या ‘वादाचे कारण’ या रकान्यात मात्र मीठच जाऊन बसते.

बाईच्या स्वभावाचे वर्णन पुढे कसे वापरले जाते याची आठवण महाराष्ट्रातल्या जुन्या कार्यकर्त्यांना करून द्यायला नको. १९८२च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा हिचा लग्नानंतर चार महिन्यांत विषाने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पुरी होत नाही, हे त्या निकालाचे मुख्य कारण. पण तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता मान्य करताना तिच्या पत्रांतून दिसणाऱ्या हळव्या, भावनाप्रधान स्वभावाचा आधार घेतला गेला. जिवाभावाच्या माणसांना लिहिलेली दुःखाची पत्रे तिच्या मनाच्या कमकुवतपणाचा दाखला म्हणून वाचली गेली. पत्रांचे असे झाले, मग आपण आपल्या हाताने लिहिलेल्या ‘अतिसंवेदनशील’, ‘भावनाविवश’, ‘नैराश्यग्रस्त’ या शब्दांचे काय होईल?

घटस्फोटाच्या दाव्यांतही हेच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. त्याचा आधार घेऊन ‘ही वेडी आहे’ असा दावा नवरे करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले की आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही. तो इतका तीव्र आहे का की जोडीदाराने एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये, हे बघावे लागेल. निकाल चांगला आहे. पण कोर्टाची पायरी चढेपर्यंत बाईचे जे हाल होतात ते टळत नाहीत. आणि त्या दाव्याला जोडलेला कागद एखाद्या सल्ला केंद्राचा असू शकतो.

आधी धोका, मग बाकीचे

मग मूल्यमापनात विचारायचे काय? आपल्या छापील फॉर्ममध्ये नाव, वय, जात, शिक्षण, लग्नाची तारीख, हुंडा, अपत्ये असा क्रम असतो. सगळी माहिती भरून होईपर्यंत अर्धा तास जातो आणि ‘काल रात्री काय झाले?’ हा प्रश्न शेवटी येतो. हा क्रम उलटा करायला हवा. पहिला प्रश्न असा हवा: आज इथून गेल्यावर तुम्ही कुठे जाणार, आणि तिथे तुमच्या जिवाला धोका आहे का?

अमेरिकेत जॅकलिन कॅम्बेल या परिचारिका-संशोधिकेने १९८० च्या दशकात धोक्याचा अंदाज घेण्याची एक प्रश्नावली तयार केली. आधी बाईसमोर गेल्या वर्षाचे कॅलेंडर ठेवायचे आणि मारहाण कोणकोणत्या दिवशी झाली, किती झाली, ते तिनेच खुणा करून दाखवायचे. मग काही थेट प्रश्न. मार वाढत चालला आहे का? त्याने कधी गळा दाबला का? हत्यार उगारले का? गरोदरपणात मारले का? जिवे मारण्याची धमकी दिली का? सतत पाळत ठेवतो का? तुम्ही सोडून जायचे म्हटल्यावर काय केले? या प्रश्नांमागे अभ्यास आहे. ज्या बाईचा एकदा गळा दाबला गेला आहे तिचा पुढे खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. घर सोडण्याचा काळ हाच पुष्कळदा सर्वांत धोक्याचा असतो. आणखी एक गोष्ट या अभ्यासातून पुढे आली. ‘तो मला मारून टाकेल’ असे बाई म्हणते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावा, पण ‘तो तसे काही करणार नाही’ असे ती म्हणते तेव्हा मात्र निर्धास्त होऊ नये. जिवावर बेतलेल्या प्रसंगांतल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना धोक्याची पूर्ण कल्पना आलेली नव्हती.

हे प्रश्न आपल्याकडे जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. आपल्याकडे पेटवून देण्याची धमकी विचारावी लागेल. रात्री घराबाहेर काढणे, उपाशी ठेवणे, दीर-सासऱ्यांचा हात, माहेरी जाऊ न देणे, मोबाइल काढून घेणे हे विचारावे लागेल. कॅलेंडरवरच्या तारखा सगळ्यांना आठवत नाहीत. पण गणपतीच्या आधी की नंतर, पेरणी चालू होती का, थोरल्याची परीक्षा होती का, असे विचारले की बाई बरोबर सांगते. अशा रीतीने वर्षाचा हिशेब मांडताना पुष्कळ जणींना पहिल्यांदाच दिसते की मार दोन महिन्यांतून एकदा होता तो आता आठवड्याला होतो आहे. मूल्यमापनाचा हा खरा उपयोग. त्यातून कार्यकर्तीला माहिती मिळते आणि बाईला स्वतःच्या आयुष्याचे चित्र एकसंध दिसते.

धोक्यानंतर विचारायचे ते बळाविषयी. तिच्याकडे काय आहे? कोणती कामे येतात, हातात पैसे किती, खाते कोणाच्या नावावर, बचत गटात आहे का, रात्री दोन वाजता कोणाचे दार वाजवता येईल, आतापर्यंत तिने स्वतःला आणि मुलांना कसे वाचवले? दहा वर्षे मार खाऊन मुलांना शाळेत पाठवणारी बाई ‘असहाय’ नसते. पण केसपेपरवर तिची युक्ती, तिची चिकाटी लिहायला रकानाच नसतो. तो आपण करून घ्यावा.

मनाचे दुखणे नाकारू नये

इथे चळवळीतल्या मैत्रिणींना थोडे कडू वाटेल असे सांगायचे आहे. निदानाच्या शिक्क्याला आपण घाबरतो ते रास्त आहे. पण म्हणून मनाचे दुखणे नाहीच असे धरून चालणे हाही अन्याय आहे. झोप उडालेली, जेवण तुटलेले, ‘आता जगून काय करू’ म्हणणारी बाई समोर असते आणि आपण तिला कायद्याची कलमे समजावत असतो. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या दिवशी तिला एकटी पाठवायचे नाही, आणि डॉक्टरकडे सोबत जायचे.

काळजी घ्यायची ती मांडणीची. ‘बाईला नैराश्य असल्याने घरात वाद होतात’ आणि ‘सहा वर्षांच्या मारहाणीनंतर बाईला झोप नाही, जगण्याची इच्छा नाही’ या दोन वाक्यांत दुखणे एकच, पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल आहे. पहिल्या वाक्याची योजना गोळ्यांवर थांबते. दुसऱ्या वाक्याच्या योजनेत गोळ्या असतील, पण मार थांबवणे आधी येईल. या प्रश्नाची स्त्रीवादी मांडणी पुण्यात भार्गवी दावर यांनी अनेक वर्षे केली. भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरचे त्यांचे पुस्तक १९९९ साली आले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही काही गोष्टी पक्क्या केल्या. समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत कोणी बसत नाही, म्हणून त्या व्यक्तीला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. मानसिक आजार आहे एवढ्यावरून ती व्यक्ती विकल मनाची ठरत नाही, ते कोर्टाने ठरवायचे. आपले उपचाराचे कागद मिळण्याचा अधिकारही या कायद्याने रुग्णाला दिला. नवऱ्याने वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकलेल्या बायकांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ही कलमे प्रत्येक केंद्रावर माहीत असायला हवीत.

योजना कोणाची?

समजा, एक बाई आली. चार घरची धुणीभांडी करते. दोन मुले. खोली नवऱ्याच्या नावावर. पगाराच्या दिवशी तो पैसे मागतो, नाही म्हटले की मारतो. गेल्या महिन्यात गळा दाबला. तिचे म्हणणे, ‘मला घर सोडायचे नाही. मुलांची शाळा इथे आहे. मार थांबला पाहिजे.’

रूढ योजना असेल: नवऱ्याला पत्र पाठवून बोलावणे, समज देणे, ‘नीट नांदवीन’ असे लिहून घेणे. पत्र ज्या संध्याकाळी त्याच्या हातात पडेल त्या रात्री काय होईल, हा प्रश्न या योजनेत नाही. दोन सह्या झाल्या की केस ‘समेट’ म्हणून बंद. पुढच्या पगाराच्या दिवशी काय झाले ते कोणी विचारत नाही.

तिच्यासोबत बसून केलेली योजना वेगळी दिसेल. गळा दाबल्याची नोंद सरकारी दवाखान्यात आज करायची, कागद सोबत आणायचा. त्याला बोलावायचे की नाही आणि कधी, हे ती सांगेल; बोलावले तर त्या रात्री ती आणि मुले कुठे झोपणार हे आधी ठरेल. आधार, रेशनकार्ड, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स कामावरच्या बाईंकडे किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवायच्या. पगार तिच्या एकटीच्या खात्यात येईल असे बघायचे. खोली त्याच्या नावावर असली तरी तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, हे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम १७ तिला वाचून दाखवायचे. संरक्षणाचा आणि निवासाचा आदेश मागायचा का, यावर तिने पंधरा दिवस विचार करायचा. पुढची भेट पगाराच्या दुसऱ्या दिवशी. प्रत्येक ओळीपुढे कोण करणार आणि कधीपर्यंत ते लिहायचे. कार्यकर्तीची कामेही त्यात असली पाहिजेत, सगळे ओझे तिच्यावर नको.

यात नवे असे काही नाही. कायद्यानेच ते सांगितले आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६च्या नियमांना जोडलेला पाचवा नमुना म्हणजे ‘सुरक्षा योजना’. त्यात कोणती हिंसा झाली, तिचे परिणाम काय, बाईला पुढे कशाची भीती वाटते, सुरक्षिततेसाठी काय हवे आणि कोर्टाकडून कोणते आदेश हवेत, असे रकाने आहेत. भीती आणि उपाय यांविषयीचे रकाने अधिकाऱ्याने किंवा संस्थेने भरायचे असतील, तर ते तिच्याशी विचारविनिमय करून आणि तिच्या संमतीने भरावेत, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. याच नियमांतील नियम १४ समुपदेशनाविषयी आहे. हिंसेचे समर्थन करणारी कोणतीही सबब नवऱ्याला समुपदेशनात मांडू द्यायची नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचे, असे तो म्हणतो. समेटाचा प्रयत्नही बाईची इच्छा असेल तरच. आता आपल्या केंद्रांवरच्या ‘दोघांचे ऐकून घेऊ’ या बैठका आठवा. ‘ती उलट बोलते म्हणून हात उचलला’ हे वाक्य तिथे किती सहज ऐकून घेतले जाते! कायदा जे मान्य करत नाही ते आपण का करावे?

सर्वांत अवघड प्रश्न पुढे आहे. गळा दाबला गेलेली बाई ‘मला परत जायचे आहे’ म्हणाली तर? तिचा निर्णय तिचा, असे म्हणून हात झटकायचे का? की धोका आहे म्हणून तिला अडवायचे? माझ्या मते दोन्ही नाही. तिला धोका स्पष्ट शब्दांत सांगायचा, आपली काळजी कागदावर लिहायची, तिचा निर्णयही तिच्या शब्दांत लिहायचा, आणि परत गेलेल्या घरात ती सुरक्षित कशी राहील याची योजना करायची. परत जाणे हे आपले अपयश नाही आणि तिचाही कच्चेपणा नाही. पण योजना न करता तिला परत पाठवणे ही आपली जबाबदारी टाळणे आहे.

‘वेळ कुठे आहे?’

यावर आक्षेप येतील आणि ते खरे आहेत. दिवसाला आठ-दहा बायका, कार्यकर्त्या दोन, मानधन तुटपुंजे आणि वेळेवर न येणारे. एवढे सविस्तर कोण लिहिणार? मला वाटते लिखाण वाढवायची गरज नाही, ते बदलायची आहे. हुंड्यात आलेल्या भांड्यांची यादी पहिल्याच दिवशी लागत नाही. गळा दाबला का, हे त्याच दिवशी लागते.

दुसरा आक्षेप अहवालाचा. अनुदान देणारे आकडे मागतात: आलेल्या केसेस किती, समेट किती, बंद केसेस किती. ‘समेट’ हेच यश मानले की योजना आधीच ठरते आणि मूल्यमापन तिच्यामागून फरफटत येते. कौटुंबिक न्यायालयांचा १९८४चा कायदा आला तेव्हा कुटुंब टिकवण्यावरचा त्याचा भर स्त्रीसंघटनांनी वेळोवेळी दाखवून दिला. तोच भर आपल्या त्रैमासिक तक्त्यात असेल तर आपण काय बोलणार? अनुदान देणाऱ्यांशी भांडून आणखी दोन रकाने मागू या: सहा महिन्यांनी मार थांबला होता का, आणि तिने ठरवलेल्या गोष्टींपैकी किती झाल्या.

तिसरा आक्षेप गुप्ततेचा. सविस्तर लिहिले तर तेच कोर्टात तिच्याविरुद्ध वापरले जाईल. ही भीती खरी आहे. वकिलाला अशिलाच्या बोलण्याबाबत कायद्याने जे संरक्षण आहे, ते संघटनेच्या केंद्रावरच्या कार्यकर्तीला नाही. म्हणूनच रिचमंडबाईंची ती शिस्त पाळायची. ‘बाई सांगते’ म्हणून तिचे शब्द, ‘दिसले’ म्हणून डाव्या डोळ्याखालची सूज, आणि आपले अनुमान असलेच तर वेगळे, ‘मला वाटते’ म्हणून. तिच्या लग्नाआधीच्या ओळखी, तिचा गर्भपात, तिच्या माहेरची भांडणे यांचा आजच्या प्रश्नाशी संबंध नसेल तर लिहूच नये. आणि हे कागद कोणाच्या हाती जाऊ शकतात, हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे.

गटांनी एक साधे काम करून बघावे असे सुचवते. गेल्या दोन वर्षांतले दहा केसपेपर काढा. नाव, गाव झाका. गोल करून बसा आणि मोठ्याने वाचा. प्रत्येक वाक्यापुढे विचारा: हे तिने सांगितले, आपण पाहिले, की आपण ठरवले? मारणारा कर्ता वाक्यात आहे का? गळा दाबल्याचा प्रश्न कोणी विचारला होता का? योजनेखाली तिची सही किंवा अंगठा आहे का, आणि ती तिला वाचून दाखवली होती का? तिची प्रत तिच्याजवळ आहे का, की घरी नेणे धोक्याचे म्हणून ती कुठे ठेवायची हे तिच्याशी बोलून ठरले आहे?

मग नवा फॉर्म बसून तयार करा. वकील, परिचारिका, शिकलेल्या समाजकार्यकर्त्या यांना बोलवा. पण केंद्रावर कधीकाळी मदतीला आलेल्या आणि आता आपल्यासोबत काम करणाऱ्या बायकांना त्या बैठकीत पहिले बोलू द्या. त्यांच्याविषयी काय लिहिले गेले होते आणि काय लिहायला हवे होते, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. जे निघेल ते या पानांवर जरूर कळवा, म्हणजे इतर गटांनाही त्याचा उपयोग होईल.